‘गेलतास’मधला फ्रेंच भूतकाळ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर-कोडोलीच्या पट्ट्यात कुणी चार दिवस दिसला नाही, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुठं गेलतास?’ शाळेच्या व्याकरणात हेच ‘गेला होतास’ असं दोन शब्दांत, पूर्ण भूतकाळ या नावाखाली छापलेलं असतं. फ्रेंच शिकणारी मुलं ज्या काळापाशी अडखळतात, तो ‘प्ल्यूस्कपार्फे’ म्हणजे जवळपास हाच. तो उलगडायची किल्ली मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून असते.

हा काळ लागतो भूतकाळाच्याही मागे जायला. १९९८ साली वारणा परिसरातली सत्तर गावं संगणकाने जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे साखर कारखाना कधीच उभा राहिला होता आणि दूध संघही सुरू झाला होता. ‘झाला’ ही एक पायरी, ‘राहिला होता’ ही तिच्याही खालची. दोन घटनांमधली आधीची कोणती, ते एकट्या ‘होता’ने कळतं.

फ्रेंच हेच दोन तुकड्यांत करते. आधी साहाय्यक क्रियापदाचं भूतकाळी रूप, मग मुख्य क्रियापदाचं धातुसाधित. ‘मी लिहिलं होतं’ म्हणजे ‘झाव्हे एक्री’. पुरुषाप्रमाणे बदलतो तो फक्त पहिला तुकडा: मी, तू, तो, ते यांना उच्चारात ‘आव्हे’, आम्हाला ‘आव्हियों’, तुम्हाला ‘आव्हिये’. जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशा काही क्रियापदांना मात्र ‘आव्हे’ चालत नाही, ‘एते’ लागतं. ‘तो गेला होता’ म्हणजे ‘इल एते आले’. (फ्रेंच ‘आले’ म्हणजे गेलेला. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा.) सहा-सहा रूपांचे हे दोन संच पाठ झाले, की उरतं फक्त धातुसाधित.

खरी गंमत या धातुसाधिताच्या लिंगवचनात आहे. मराठीत सातवी-आठवीत कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग शिकवतात. फ्रेंच व्याकरणाला ही नावं ठाऊक नाहीत, पण या काळात तिन्ही प्रयोग समोर येतात. ‘तो मेला होता’ हे ‘इल एते मोर’, तर ‘ती मेली होती’ हे ‘एल एते मोर्त’. रूप कर्त्याप्रमाणे बदललं, म्हणजे कर्तरी. ‘मी लिहिली होती ती चिठ्ठी’ हे ‘ला लेत्र क झाव्हे एक्रीत’. लिहिणारा पुरुष असो की बाई, चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून शेवटी ‘त’ ऐकू येतो. हा झाला कर्मणी. पण तीच चिठ्ठी क्रियापदानंतर आली, तर ‘झाव्हे एक्री ला लेत्र’, रूप जागचं हलत नाही. हा भावे. मराठीत भावे प्रयोग बहुधा कर्माला लागलेला ‘ला’ किंवा ‘ना’ ठरवतो: पोलिसाने चोरांना पकडलं होतं. फ्रेंचमध्ये ते काम वाक्यातली जागा करते. हा जागेचा नियम १५३८च्या सुमारास क्लेमां मारो या कवीने इटालियनच्या धर्तीवर सांगितला आणि पुढे तोच रुळला.

दोन दूरच्या भाषांना एकच खोड कशी? कारण दोन्हीकडच्या धातुसाधितात एक विशेषण दडलेलं आहे. फ्रेंच जिच्यातून निघाली त्या लॅटिनमध्ये ‘हाबेओ एपिस्तुलाम स्क्रिप्ताम’ म्हणजे ‘माझ्यापाशी लिहिलेली चिठ्ठी आहे’. लिहिलेली कोण? चिठ्ठी. मग लिंगवचन तिचंच. संस्कृतात ‘मया पत्रं लिखितम्’, तिथेही ‘लिखित’ पत्राचं विशेषण. त्याच वळणाच्या रूपांना प्राकृतातला ‘इल्ल’ जोडला गेला आणि मराठीला भूतकाळाचा ‘ल’ मिळाला. पॅरिस आणि पन्हाळा एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी पोहोचले. मराठीची ही घडण बारकाईने तपासणारा विद्वान फ्रेंचच निघाला. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४१ साली वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला.

आता पुन्हा ‘गेलतास’कडे बघा. लॅटिनमध्ये ‘मी लिहिलं होतं’ हा एकच शब्द होता, ‘स्क्रिप्सेराम’. त्याच्या शेपटाला जे ‘एराम’ दिसतं, तेच सुटं वापरलं तर अर्थ होतो ‘मी होतो’. हा एक शब्द मागे पडला आणि फ्रेंचने दोन शब्दांची नवी मांडणी केली. कोल्हापूरकरांनी उलटी वाट धरली. ‘गेला होता’चं ‘गेलता’, ‘खाल्ली होती’चं ‘खाल्लती’, ‘केलं होतं’चं ‘केलतं’. भाषा शब्द सुटे करते आणि पुन्हा सांधते. या चक्राची लॅटिन बाजू पोथ्यांत वाचावी लागते, आपली बाजू बाजारात ऐकता येते.

एक फरक मात्र सांभाळावा. ‘काल कोल्हापूरला गेलो होतो’ यात आपण ‘जाऊन आलो’ एवढंच सांगतो. फ्रेंच माणसासमोर इथे प्ल्यूस्कपार्फे वापरला, तर तो पुढच्या घटनेची वाट बघत बसेल. त्याला साधा भूतकाळच पुरतो.

२०१८ साली बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी ‘लिबेरास्यों’ या दैनिकात मागणी केली, की ‘आव्हे’च्या कुळातल्या क्रियापदाबरोबर धातुसाधिताचं लिंगवचन बदलणं सोडून द्यावं. त्यावर मोठा वाद पेटला. इकडे कोल्हापूर भागातल्या बायका ‘मी गेले होते’ ऐवजी बिनदिक्कत ‘मी गेलतो’ म्हणतात. स्वतःबद्दल बोलताना लिंगभेदाचा नियम त्यांनी केव्हाच बाजूला ठेवला, आणि त्यासाठी कुठल्या पेपरात लेख लिहिला नाही.