शिट्टी कुठल्या सालची?

२० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांच्या पडद्यावर रॉकी मार्सियानोने मुहम्मद अलीला तेराव्या फेरीत आडवं केलं. मार्सियानो त्याआधी पाचेक महिने विमान अपघातात मरण पावला होता. लढत संगणकाने ‘ठरवली’ होती. दोघा मुष्टियोद्ध्यांनी १९६९ मध्ये ती कॅमेऱ्यासमोर निव्वळ अभिनय म्हणून पार पाडली होती आणि तिचे निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवले होते. युरोपातल्या प्रेक्षकांना दाखवलेल्या प्रतीत जिंकला तो अली. या उद्योगाचा कर्ता मरे वोरोनर हा मायामीचा रेडिओ निर्माता. १९६७ मध्ये त्याने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती एका संगणकात भरली आणि त्यांची काल्पनिक स्पर्धा रेडिओवर रंगवली. तिच्यात अली जेम्स जेफ्रीजकडून हरला. चिडलेल्या अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला आणि त्याच्या तडजोडीतूनच पुढचा चित्रपट निघाला. संगणक एक, मुष्टियोद्धे तेच आणि विजेते मात्र दोन! यात लबाडी होती हे उघड आहे. पण लबाडी न करताही तेच यंत्र दोन उत्तरं देऊ शकतं, आणि आजच्या काळात याची सर्वांत चांगली उदाहरणं बास्केटबॉलमध्ये सापडतात.

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये ‘सर्वकाळातला श्रेष्ठ संघ कोणता’ हा वाद आपल्याकडच्या ‘गावसकर की तेंडुलकर’इतकाच चिवट आहे. मायकल जॉर्डन, स्कॉटी पिपेन आणि डेनिस रॉडमन यांच्या शिकागो बुल्सने १९९५-९६ च्या हंगामात ८२ पैकी ७२ सामने जिंकले आणि विजेतेपदही मिळवलं. वीस वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, स्टेफन करीच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने ७३ जिंकले. पण अंतिम फेरीत ३-१ अशी आघाडी असताना ते क्लीव्हलँडकडून हरले. मग केव्हिन ड्युरँट त्यांना येऊन मिळाला आणि २०१६-१७ च्या प्लेऑफमध्ये त्यांनी १७ पैकी १६ सामने जिंकले. बुल्स आणि वॉरियर्स यांची गाठ प्रत्यक्षात पडणं अशक्य, म्हणून ती संगणकावर घातली जाते: व्हिडिओ गेममध्ये, सांख्यिकीच्या प्रारूपांत, वाहिन्यांच्या स्टुडिओत. मग मथळा येतो, ‘बुल्स सहा सामन्यांत विजयी’ किंवा ‘वॉरियर्स सात सामन्यांत’. माझं म्हणणं असं की या मथळ्यांतून संघांबद्दल फारसं काही कळत नाही. निकालाचा मोठा हिस्सा आपण यंत्राला कुठल्या सालचं नियमपुस्तक दिलं यावर ठरतो, आणि नेमकी तीच गोष्ट मथळ्यात नसते.

यंत्र नेमकं काय करतं ते आधी पाहू, कारण त्यात गूढ काही नाही. सर्वांत साधं प्रारूप एकच आकडा मागतं: संघ सरासरी किती गुणांच्या फरकाने जिंकतो. १९९५-९६ च्या बुल्सचा हा फरक १२.२, ७३ विजयांच्या वॉरियर्सचा १०.८. म्हणजे वॉरियर्सने एक सामना जास्त जिंकला खरा, पण गुणफरकाच्या हिशेबाने बुल्सच्या वाट्याला सुमारे ७० विजय येतात आणि वॉरियर्सच्या वाट्याला ६५. अटीतटीच्या लढतींत वॉरियर्सना नशिबाची साथ बरीच मिळाली. आता दोघांतला फरक सामन्यामागे दीड गुणाचाही नाही, आणि एनबीएतल्या एकेका सामन्याचा निकाल अपेक्षेपासून सहज बारा-तेरा गुण इकडे-तिकडे सरकतो. हे गणित मांडलं तर एका सामन्यात बुल्स जिंकण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या आसपास येते आणि सात सामन्यांच्या मालिकेत ती ६१ टक्क्यांवर जाते. अधिक कसदार प्रारूपं यापुढे जाऊन चेंडूच्या एकेका ताब्याची नक्कल करतात: फेक कोण घेणार, कुठून घेणार, ती चुकली तर रिबाउंड कुणाचा. मग दहा-दहा हजार मालिका खेळवून टक्केवारी काढतात. पण शेवटी हाती लागतं ते याच जातीचं काहीतरी. ६१ टक्के याचा अर्थ शंभरपैकी ३९ मालिका वॉरियर्सच्या. त्या शंभरांतली एक उचलून ‘बुल्स विजयी’ असं छापणं म्हणजे नाणं एकदाच उडवून त्याचा स्वभाव सांगणं.

एक मालिका किती थोडं सांगते याचा पुरावा शोधायला संगणकाकडे जायचीही गरज नाही. २०१६ ची खरीखुरी अंतिम फेरी पाहा. सातव्या सामन्यातलं शेवटचं मिनिट उरलं तेव्हा त्या सामन्याची गुणसंख्या ८९-८९ होती, आणि सातही सामन्यांची मिळून बेरीज दोन्ही संघांची ६९९. मग कायरी अर्व्हिंगची तीन गुणांची फेक पडली आणि क्लीव्हलँड विजेता ठरला. त्याआधी पाचव्या सामन्यात वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन निलंबित होता आणि त्यांचाच अँड्र्यू बोगट जायबंदी झाला. यातलं काहीही हंगामाच्या सरासरीत दिसत नाही.

नशिबाचा भाग मात्र तुलनेने सोपा, कारण तो मोजता येतो. खरी अडचण भरलेल्या आकड्यांतच आहे. जॉर्डनने १९९५-९६ मध्ये तीन गुणांच्या फेकींपैकी ४२.७ टक्के अचूक मारल्या. हा आकडा पाहून कोणीही म्हणेल की हा माणूस आजच्या खेळातही दूरवरून धुमाकूळ घालेल. पण १९९४ ते १९९७ या तीन हंगामांत एनबीएने तीन गुणांची ओळ जवळ आणली होती. एरवी समोरून ७.२४ मीटरवर असणारी ओळ या काळात सगळीकडून ६.७१ मीटरवर, म्हणजे २२ फुटांवर होती. १९९७-९८ मध्ये ती परत मागे गेली आणि जॉर्डनची अचूकता २३.८ टक्क्यांवर उतरली. वयाचा वाटा त्यात असेलच. पण सगळ्या लीगची अचूकताही १९९५-९६ मधल्या ३६.७ टक्क्यांवरून ३४.६ वर आली होती, आणि सगळी लीग काही एकदम म्हातारी होत नाही. म्हणजे यंत्रात १९९६ चा जॉर्डन भरून त्याला २०१७ च्या मैदानावर उतरवणारा माणूस नकळत त्याला अर्धा मीटर पुढे उभा करतो.

उलटा प्रयोग आणखी मजेदार आहे. ‘१९९६ च्या नियमांत वॉरियर्सचा धुव्वा उडाला असता’ असं जुने चाहते ठासून सांगतात. पण १९९६ च्या नियमांत ती जवळची ओळही येते! २०१६-१७ चे वॉरियर्स सामन्यामागे ३१ वेळा तीन गुणांसाठी प्रयत्न करत होते. बुल्स साडेसोळा वेळा. ओळ जवळ आल्यावर अचूकता दोन टक्क्यांनी वाढते असं लीगच्या अनुभवावरून धरलं तर वॉरियर्सच्या खात्यात सामन्यामागे जवळजवळ दोन गुण जास्त पडतात. ड्युरँटसह त्या संघाचा गुणफरक ११.६ होता, म्हणजे बुल्सपेक्षा अर्धा-पाऊण गुणच कमी. जी ओळ बुल्सच्या सोयीची समजली जाते तीच पसंतीचा संघ बदलून टाकते. आणि हा केवळ एका नियमाचा परिणाम.

बाकीचे नियम बुल्सच्या बाजूने झुकतात, यात शंका नाही. चेंडू असलेल्या खेळाडूच्या अंगाला हात लावून त्याला रोखण्यावर एनबीएने २००४-०५ पासून कडक पहारा बसवला. १९९६ मध्ये ही मोकळीक सरसकट होती असा समज आहे, तो मात्र अर्धवट खरा. मैदानाच्या बऱ्याच भागात ती १९९४ मध्येच कागदोपत्री संपली होती. तरी पंचांची सहनशक्ती तेव्हा जास्त होती, आणि पिपेन, जॉर्डन, रॉन हार्पर असे तीन उंच, लांब हातांचे बचावपटू करीला आळीपाळीने अंगाला अंग लावून छळू शकले असते. याहून महत्त्वाचा नियम बचावाच्या रचनेचा. २००१ पर्यंत प्रत्येक बचावपटूने आपापल्या खेळाडूला धरूनच राहायचं असे; माणूस सोडून जागा राखत उभं राहणं हा ‘बेकायदा बचाव’. वॉरियर्सचा अख्खा बचाव ग्रीनच्या भटकंतीवर उभा होता: आपला खेळाडू सोडून बास्केटखाली धावायचं, वाट अडवायची, परत यायचं. १९९६ च्या पंचाने त्याला पुन्हा पुन्हा शिट्टी मारली असती आणि जॉर्डनला एकास एक खेळायला मोकळं अंगण मिळालं असतं. या फरकाला गुण किती द्यायचे? ओळीबाबत १९९७-९८ ची तुलना तरी हाताशी आहे. इथे प्रारूप लिहिणाऱ्याला अंदाजच बांधावा लागतो, आणि तो अंदाज जिकडे झुकेल तिकडे मालिका झुकते. व्हिडिओ गेममध्ये तर खेळाडूंना गुणांकनच माणसं देतात. त्यामुळे तिथला निकाल हा बराचसा गुणांकन देणाऱ्यांच्या मताचाच प्रतिध्वनी असतो.

यावर पहिला आक्षेप असा की सरासरी फरकाची तुलनाच मुळात फसवी आहे, कारण समोरचे प्रतिस्पर्धी सारखे नव्हते. १९८८ ते १९९५ या काळात एनबीएत सहा नवे संघ आले. त्यातले टोरांटो आणि व्हँकूव्हर थेट १९९५-९६ मध्येच. व्हँकूव्हरने त्या हंगामात अवघे १५ सामने जिंकले. म्हणजे बुल्सच्या १२.२ मध्ये दुबळ्यांना झोडपून मिळवलेला वाटा मोठा असला पाहिजे. शिवाय २०१६-१७ च्या सुरुवातीला लीगमध्ये ४१ देशांतले ११३ परदेशी खेळाडू होते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्यांची संख्या पंचवीसच्याही आत होती. जगभरातून माणसं निवडणारी लीग अधिक ताकदवान असणार, हे मला पटतं. पण किती, हे ठरवायला दोन्ही काळांत खेळलेली माणसं लागतात, आणि सुदैवाने ती आहेत. केव्हिन गार्नेट शाळेतून थेट एनबीएत आला तो १९९५-९६ मध्ये, आणि शेवटचा खेळला तो २०१५-१६ मध्ये. बरोबर या दोन विक्रमी हंगामांत. असे शेकडो खेळाडू दरवर्षी एका हंगामातून पुढच्यात जातात, आणि त्यांच्या कामगिरीतल्या बदलावरून लीगचा दर्जा वर्षागणिक जोडत नेता येतो. मात्र प्रत्येक सांध्यात वयाचा हिशेब अंदाजाने करावा लागतो, आणि वीस सांध्यांनंतर चूक एखाद-दोन गुणांची सहज होते. आपला वाद तर दीड गुणाचा. म्हणून लीगचा दर्जा हा युक्तिवाद नवीन संघाच्या बाजूने वजन टाकतो एवढंच. तो प्रश्न मिटवत नाही. गंमत म्हणजे दुबळ्यांविरुद्धही बुल्स प्रत्येक वेळी सुटले नाहीत. मार्च १९९६ मध्ये नवख्या टोरांटोने त्यांना १०९-१०८ असं हरवलं होतं.

दुसरा आक्षेप स्टीव्ह करच्या उपरोधात सापडतो. हा गृहस्थ दोन्ही बाजूंचा: १९९६ च्या बुल्सचा खेळाडू आणि वॉरियर्सचा प्रशिक्षक. जुने खेळाडू ‘आम्ही यांना लोळवलं असतं’ असं सांगू लागले तेव्हा २०१७ मध्ये तो गंभीर चेहऱ्याने ‘बरोबरच आहे’ म्हणाला आणि काळाबरोबर माणसाची खेळण्याची क्षमता घसरतच जाते असा सिद्धांतही त्याने मांडला. टोमणा रास्त होता. प्रशिक्षण, आहार, फेकीचं तंत्र सगळंच पुढे गेलंय. पण टोमण्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. १९९६ चे बुल्स जसेच्या तसे उचलून २०१७ मध्ये आणले, तर करीच्या नऊ मीटरवरून येणाऱ्या फेकींपुढे पहिले दोन सामने ते गोंधळतील. पण पिपेनला २०१७ चं प्रशिक्षण आणि एक पूर्ण उन्हाळा दिला, तर तो त्या खेळासाठीच घडवल्यासारखा दिसेल: उंच, चपळ, पाचही जागांवर बचाव करणारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्र देऊ शकतं. दुसऱ्याचं देऊ शकत नाही, कारण शिकणं हे हंगामाच्या आकड्यांत नोंदलेलं नसतं. आणि चाहत्यांचा वाद बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नावर असतो.

मग हा सगळा खटाटोप फुकटचाच, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. विजेता शोधायला सिम्युलेशन कमकुवत आहे. नियम बदलला की काय बदलतं ते दाखवायला मात्र ते चांगलं हत्यार आहे. ओळ मागेपुढे करा, बचावाची मोकळीक काढून घ्या, रॉडमनला संघातून वगळा आणि दर वेळी टक्केवारी किती हलते ते पाहा. रॉडमन त्या हंगामात सामन्यामागे १४.९ रिबाउंड मिळवत होता, आणि ७३ विजयांच्या वॉरियर्सना पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीच्या उंच खेळाडूंनी ३-१ असं पिछाडीवर टाकलं होतं. हे दोन धागे यंत्रात एकत्र आणले की रॉडमनचं मोल जॉर्डनच्या झगमगाटाबाहेर, स्वतंत्रपणे दिसू लागतं. म्हणून निकालासोबत तीन गोष्टी छापल्याच पाहिजेत: नियम कुठल्या सालचे, लीगच्या दर्जाचा फरक किती धरला आणि मालिका किती वेळा खेळवली. त्या नसतील तर निकाल करमणूक म्हणून वाचावा.

माझा कौल विचाराल तर तो या अटींसह देतो. पंच १९९६ चे असतील तर ७३ विजयांच्या वॉरियर्सना बुल्स सहा सामन्यांत हरवतील आणि ड्युरँटच्या वॉरियर्सना सात सामन्यांत, तेही काठावर. पंच २०१७ चे असतील तर ड्युरँटचा संघ सहा सामन्यांत जिंकेल.