वाचकांनी पाठवलेले राक्षस

'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम खेळलेल्यांना लेझेल आठवत असेलच: पिवळसर-हिरवी कातडी, हातात तलवार, नाकावर राग. ती गिथयांकी जमातीची. ही जमात कुठल्या कंपनीच्या स्टुडिओत जन्मली नाही, एका शाळकरी वयाच्या ब्रिटिश वाचकाने ती रचली!

हा गेम ज्यावर बेतलाय, तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत 1974 मध्ये आला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे पात्रं होतात, अडलं की फासे. ब्रिटनमध्ये इयन लिव्हिंगस्टोन आणि स्टीव्ह जॅक्सन यांच्या गेम्स वर्कशॉपने 1977 मध्ये 'व्हाइट ड्वार्फ' मासिक काढलं. त्यातलं 'फीन्ड फॅक्टरी' हे सदर माझं सगळ्यात लाडकं, कारण राक्षस वाचकच पाठवायचे. नुसतं वर्णन नव्हे, तर ताकद, चिलखत, हल्ले, सगळं आकड्यांत. म्हणजे अंक हातात पडला की त्याच रात्री खेळात वापरता येईल असं. त्या शाळकरी वाचकाचे, चार्ल्स स्ट्रॉसचे, गिथयांकी तिथेच छापून आले. नाव त्याने जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबरीतून उचललेलं! पुढे 1981 च्या 'फीन्ड फोलिओ' या अधिकृत पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही गिथयांकीच झळकला. स्ट्रॉस नंतर नावाजलेला विज्ञानकथाकार झाला.

'व्हाइट ड्वार्फ' आजही निघतं, पण 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते कंपनीच्या स्वतःच्या खेळांपुरतं आणि छोट्या लढवय्या पुतळ्यांपुरतं उरलं. मला विचाराल तर खरी मजा सुरुवातीच्या अंकांतच. तुम्ही एखादा राक्षस रचला असेल, तर आकड्यांसकट कमेंटमध्ये टाका.