दुसरी वात केव्हां पेटावी?

गेल्या श्रावणांत आमच्या जालन्याच्या मस्तगड भागांतील एका बाईंनीं मजकडे एक विलक्षण निवाडा मागितला. त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतात. महाविद्यालयांतील मित्रमंडळींसह दोन टप्प्यांचा अग्निबाण उडविण्याचा त्यांचा मनोदय होता. "गुरुजी, तुम्हीं त्याला संस्कृत शिकविलें आहे, तुमचें तो ऐकतो. हो म्हणूं कीं नको म्हणूं?" असा बाईंचा प्रश्न. मी पडलों मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. विजेच्या शास्त्रांतलें मला कळतें तें इतकेंच कीं, दिवा लागला म्हणजे तारा नीट जोडल्या आहेत. तरीपण चिरंजीवांस आराखडा घेऊन बोलाविलें. पुढील आठ-दहा दिवसांत जें समजलें तें वाचकांच्या कानीं घालावेंसें वाटतें.

दोन टप्पे मुळांत कशासाठीं? जळून रिकामी झालेली नळी हें पुढें निव्वळ ओझें असतें. तें टाकून दिलें कीं उरलेला हलका बाण थोड्या इंधनांत पुष्कळ उंच जातो. काळ्या दारूच्या लहान नळ्यांत खालचीची ज्वाला संपतां संपतां वरचींत शिरून तिला पेटविते; तेथें घड्याळाचें काम नाहीं. परंतु हल्लींचें रबरासारखें मिश्र इंधन असें सहजासहजीं पेटत नाहीं. त्याच्या पोटांत विजेनें पेटणारी काडी ठेवावी लागते, आणि तिला वीज केव्हां द्यावयाची हें कोणीतरी ठरवावें लागतें. हा 'कोणीतरी' म्हणजे बोटभर लांबीचें एक सर्किट.

थोडें गणित करूं. समजा, पहिली नळी संपतांना बाणाचा वेग सेकंदास १५० मीटर आहे. गुरुत्वाकर्षण दर सेकंदास सुमारें ९.८ मीटर वेग हिरावून घेतें. म्हणजे तीन सेकंद थांबल्यास जवळजवळ तीस गेले. हवेचा विरोध निराळाच. मग तात्काळ पेटवावें काय? तसेंहि नाहीं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो, म्हणून खालच्या दाट हवेंत वेग चढविण्यापेक्षां किंचित् थांबणें कित्येकदां किफायतशीर ठरतें. मात्र थांबतां थांबतां बाणाचें नाक कलूं लागतें, आणि कललेला बाण पेटविणें म्हणजे तो लोकांच्या घरांवर सोडण्यासारखेंच होय. घन इंधन एकदां पेटलें कीं मधेंच विझवितां येत नाहीं, हेंहि येथें ध्यानांत ठेवावें.

हा केवळ पोरखेळांतला प्रश्न नव्हे. आपल्या देशानें त्याची किंमत मोजली आहे. आपल्याकडे घन इंधनाची विद्या रुजविणाऱ्यांत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर अग्रणी होते. थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते संचालक असतांना, १८ जुलै १९८० रोजीं, चार टप्प्यांच्या एस्.एल्.व्ही.-३ नें रोहिणी उपग्रह कक्षेंत नेऊन ठेवला. त्यानंतरच्या ए.एस्.एल्.व्ही. यानाच्या दोहों बाजूंस दोन नळ्या जोडलेल्या असत. त्या जळून संपल्या कीं मधली पेटावयाची. २४ मार्च १९८७ रोजीं ती पेटलीच नाहीं! १३ जुलै १९८८ रोजीं पेटली, पण बाजूच्या नळ्यांचा जोर ओसरणें आणि मधलीचा जोर चढणें या दोहोंच्या सांध्यांत यानाचा तोल गेला व तें मोडलें. पुढें योजना बदलण्यांत आली. ठराविक सेकंद मोजून पेटविण्याऐवजीं, बाजूच्या नळ्यांचा जोर ओसरल्याचें यानानेंच ओळखावें आणि मग मधली पेटवावी, असें ठरलें. २० मे १९९२ रोजीं उपग्रह कक्षेंत पोहोंचला. आठ-दहा सेकंदांच्या नव्हे, निमिषाच्या हिशेबासाठीं एवढीं वर्षें गेलीं.

आमच्या चिरंजीवांचें पहिलें घड्याळ तर जमिनीवरील बटण दाबल्या क्षणापासून चालूं होणारें होतें. मीं इतकेंच विचारलें, "पहिली नळी पेटावयास चार सेकंद उशीर झाला तर?" तो बराच वेळ बोलला नाहीं. उघड होतें, दुसरी वात बाण जमिनीवर उभा असतांनाच पेटली असती, आणि मंडळी तेथें काय झालें म्हणून पाहावयास वांकलेली असती.

मग त्यानें गतिवृद्धि मोजणारी चकती बसविली. एस्.टी. सुटतांना आपण मागें रेलतों व ब्रेक लागतांच पुढें झुकतों. बाण उडाला आणि नळी संपली हें ती चकती त्याच न्यायानें ओळखते. काडीच्या जागीं एक लहानसा दिवा जोडून परीक्षा सुरू झाली. पहिल्याच दिवशीं त्यानें ती डबी झोपाळ्यावर जरा आपटून ठेवली, आणि थोड्या वेळानें दिवा लागला! बाई दारांतच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर अटी वाढल्या. धक्का क्षणभराचा नव्हे, कांहीं काळ टिकणारा असावा. हवेचा दाब पुरेसा घटलेला असावा. आठ-नऊ मीटर वर गेल्यास तो सुमारें एक मिलिबार उतरतो, तेव्हां उंचीची साक्ष त्यावरून मिळते. कल मोजणाऱ्या चकतीनें बाण जवळजवळ उभा असल्याचें सांगावें. यांपैकीं एकहि साक्ष फुटली तर दुसरी वात पेटवावयाची नाहीं. हवाई छत्री उघडून बाणानें मुकाट्यानें खालीं यावें. तो म्हणाला, "मग उंची गांठली जाणार नाहीं." मीं म्हटलें, "न गांठूं दे."

पुढें सात दिवस आपटून, वांकवून, उलटी धरूनहि दिवा लागला नाहीं, आणि योग्य त्या साक्षी कृत्रिम रीतीनें पुरविल्याबरोबर लागला. तेव्हां मीं माझा निवाडा सांगितला: घरीं इंधनाचा एक कणहि बनवावयाचा नाहीं, तयार नळ्या महाविद्यालयामार्फत, रीतसर परवान्यानेंच आणाव्या, आणि डबीची किल्ली बाण उभा राहून मंडळी दूर गेल्यावर, एकट्या अध्यापकांनींच फिरवावी.

बाईंनीं होकार दिला, पण आपली एक अट घातली. त्या दिवशीं गुरुजींनीं स्वतः मैदानावर हजर राहावें. त्यामुळें मार्गशीर्षांत मलाहि जाणें आलें आहे. पावसाची भीति नसली तरी साधी छत्री बरोबर असावी कीं काय, याचा सध्यां विचार चालू आहे.