मिनिटभर श्वास मोजायचा कसा?



नवजात बाळाचा श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही. एवढ्याशा जिवाचा श्वास एका लयीत चालत नसतो. मध्येच थांबल्यासारखा होतो, मध्येच भरभर चालतो. बाळ रडत असेल, दूध पीत असेल, तर मोजायचेच नाही. ते शांत झाले की अंगावरचे फडके जरा वर करायचे, एक लक्ष पोटाच्या हालचालीवर आणि दुसरे घड्याळाच्या काट्यावर ठेवायचे. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजायचे. पुन्हा तेवढेच भरले तर घरात चर्चा करीत न बसता दवाखाना गाठायचा.

वाचायला हे पाच ओळींचे काम आहे. करायला बसा, म्हणजे कळेल! आणि डोंगरातल्या पाड्यावर हे काम करते ती डॉक्टरीण नव्हे, नर्सबाईही नव्हे. ती असते त्याच पाड्यावरची, सात-आठ इयत्ता शिकलेली आशाताई. तिला हे कोणी शिकवले, कसे शिकवले, याविषयी आज आम्ही लिहीत आहोत. कारण आपल्या वाचकांच्या कितीतरी घरांत कुणी आशा आहे, कुणी अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस आहे, कुणी दवाखान्यात परिचर, कुणी सफाई खात्यात आहे. "उद्या ट्रेनिंग आहे" हे वाक्य या सगळ्या घरांत ऐकू येते, आणि पुष्कळदा त्यावर "म्हणजे उद्याचा दिवस फुकट" असे उत्तरही ऐकू येते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, आणि सातपुड्याच्या कुशीतले अक्कलकुवा व धडगाव. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील दर १०० माणसांत ६९ आदिवासी होती, आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. वरच्या दोन तालुक्यांत पावसाळ्यात रस्ता तुटला की अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावे लागते, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, ती याच दोन तालुक्यांतील. त्या काठावर दवाखानासुद्धा तरंगता आहे, बोटीवरचा. अशा ठिकाणी बाळंतिणीच्या उंबरठ्यावर वेळेवर पोहोचू शकणारे माणूस एकच, ते म्हणजे तिच्या शेजारची बाई. म्हणून त्या बाईचे शिक्षण हा तिथे जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

हे शिक्षण आले कुठून? त्यासाठी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत जावे लागते. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाचे वजन, ताप, श्वास पाहायला शिकवले. जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले, आणि गरज पडल्यास इंजेक्शन द्यायलासुद्धा शिकवले. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई द्यायची, हे तेव्हा पुष्कळांना पटण्यासारखे नव्हते. परंतु सुरुवातीला या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती, ती संख्या प्रयोगाच्या अखेरीस २५ च्या आसपास आली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा अहवाल छापून आला.

पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली, आणि २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरच्या आशांकडे सोपवण्यात आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की मोबदला २५० रुपये ठरला. पिशवीत ताणकाटा, झोळी, थर्मामीटर, घड्याळ. प्रशिक्षणाची मूळ आखणीही चांगली होती. पहिली पाच पुस्तके तुकड्यातुकड्याने २३ दिवसांत, आणि बाळाच्या काळजीची सहावी-सातवी पुस्तके पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत. फेरी झाली की गावी जायचे, काम करायचे, अडचणी घेऊन पुढच्या फेरीला यायचे. एकदम सगळे डोक्यात कोंबायचे नाही, यातच या आखणीचे मर्म आहे.

पण आखणी कागदावर असते आणि वर्ग चालवणारा माणूस असतो. आमच्या नात्यातल्या एका ताईंचा अनुभव सांगतो. जिल्हा कोणता ते विचारू नका. सकाळी दहाला वर्ग सुरू झाला. पडद्यावर चित्रे सरकत राहिली, साहेब वाचत राहिले, बाया माना डोलवत राहिल्या. ताणकाटा टेबलावर होता, तो शेवटपर्यंत टेबलावरच राहिला. पाच वाजता हजेरीपटावर सह्या झाल्या. पंधरवड्याने ताई एका बाळंतिणीच्या घरी गेल्या, काटा वर धरला, झोळीत बाळ ठेवले आणि वजन आले ते बघून बाळाची आजी हसली. रिकामी झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा असतो, हे ताईंनी ऐकले होते. केले कधीच नव्हते. झोळीचे वजन बाळाच्या वजनात गेले होते. हसण्यावारी गेले म्हणून ठीक. पण अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे धरतात, तिथे १०० ग्रॅमची चूकसुद्धा बाळाला धोक्याबाहेरचे ठरवू शकते.

आम्ही दोष द्यायचा तर तो ताईंना देणार नाही. शिकवणाऱ्याने शिकवले नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि खरे सांगायचे तर शिकवणाऱ्यालाही कुणी शिकवलेले नसते. त्याने वरच्या वर्गात चित्रे पाहिलेली असतात, तीच तो खालच्या वर्गात दाखवतो. वरून खाली येईपर्यंत हाताचे काम तोंडाचे होऊन जाते.

नंदुरबारात याच्या जोडीला भाषेची अडचण आहे. पुस्तक मराठीत. सपाटीवरचा प्रशिक्षक घरी अहिराणी बोलणारा. आशाताईची भाषा पावरी, भिली, मावची किंवा देहवाली. प्रशिक्षक विचारतो, "समजले का?" सगळ्या म्हणतात, "हो." परक्या भाषेत 'नाही' म्हणायला फार धीर लागतो, हे आपल्यापैकी ज्यांनी ऑफिसात इंग्रजी कागदासमोर मान डोलवली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. त्यापेक्षा एकीने सासू व्हावे, एकीने बाळंतीण, एकीने आशा. आणि पहिले चिकाचे दूध बाळाला का द्यायचे, जन्मल्याबरोबर त्याला न्हाऊ का घालायचे नाही, हे तिने आपल्याच बोलीत सासूला पटवून दाखवावे. प्रशिक्षकाला बोली कळली नाही तरी चालेल. सासू झालेली बाई कशी हटून बसते आणि शेवटी कशी मान्य होते, हे त्याला चेहऱ्यावरून कळते. अशी सोंगे घेऊन शिकवण्याची पद्धत पुस्तकातच दिली आहे. वर्गात वेळ कमी पडला की पहिली कात्री तिच्यावरच चालते, एवढेच.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. दिवाळीनंतर इथली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. सातव्या दिवशी भेटलेली बाळंतीण चौदाव्या दिवशी बारडोलीकडच्या उसाच्या फडावर असते. तिला निघताना काय सांगायचे, हे शिकवणारा धडा जिल्ह्याच्या प्रशिक्षकालाच लिहावा लागेल. तो मुंबईत बसून लिहून होणार नाही.

चांगले शिकलेले माणूस काय करते, याची साक्षही याच जिल्ह्यात आहे. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांच्याकडे आलीगाट आणि दादर या पाड्यांवरच्या आया मुलांना घेऊन येईनाशा झाल्या. तेव्हा त्या कोळ्याची छोटी नाव मागून घेऊन, नर्मदेतून स्वतः वल्हवत १८ किलोमीटरचा पल्ला मारून जाऊ लागल्या, काटा आणि पोषण आहार बरोबर घेऊन. वर्तमानपत्रांनी नावेचे कौतुक केले, ते योग्यच. पण आमच्या मनात राहिला तो काटा. मुलाचे वजन दर महिन्याला झालेच पाहिजे, चुकवले तर घसरण कळणार नाही, हे त्यांना इतके पक्के उमगले होते की मध्ये नदी आडवी आली तरी ते सुटले नाही. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत याच जिल्ह्याच्या रुग्णालयांत 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या गेल्या. रुग्णाची पातळी वेळोवेळी बघायची आणि लागेल तेवढाच प्राणवायू सोडायचा, हे त्यांचे काम. त्यासाठी नवे यंत्र लागले नव्हते. असलेल्या माणसांना नेमके काम शिकवले होते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने यात आणखी एक पदर आहे. अनेक गावांत नाळ कापण्याचे काम विटाळाचे म्हणून आपल्याच आयाबहिणींच्या गळ्यात होते. पिढ्यान्पिढ्यांच्या त्या हातांच्या जाणतेपणाला कुणी विद्या म्हटले नाही. मूठभर धान्य आणि जुने लुगडे, एवढ्यावर ते भागवले गेले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळात कामगारांना तांत्रिक शिक्षण देण्याची योजना त्यांच्याच खात्यात चालली, आणि १९४५ मध्ये रोजगाराचे महासंचालनालयही याच खात्यात उभे राहिले. पुढे १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या. कारखान्यातल्या मुलाला जे मिळाले, ते घरोघर हिंडणाऱ्या बाईला अजून पुरते मिळालेले नाही. आशाताईला सरकार कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते. पगार नाही, मोबदला आहे. तिला शिकवायचे मात्र कर्मचाऱ्यासारखे आणि तपासायचेही तसेच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला, तेव्हा टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. आमचे म्हणणे साधे आहे. प्रशिक्षणाचा दिवस हा कामाचा दिवस धरावा, त्याचे पैसे वेळेवर मिळावेत, आणि दहा-पंधरा वर्षे पाडे तुडवलेल्या आशांमधूनच प्रशिक्षक निवडावेत. ज्या हाताने हजार बाळे तोलली, तो हात काटा टेबलावर ठेवून वर्ग संपवणार नाही.

उरला घरचा भाग. पाच दिवसांचे निवासी प्रशिक्षण म्हणजे पाच दिवस चूल कोणी पेटवायची, अंगावर पिणारे मूल कोणी सांभाळायचे, हा प्रश्न. कित्येक ताया मूल आणि सासूबाई दोघांना घेऊनच वर्गाला येतात. सासूबाई मागच्या भिंतीला टेकून सगळे ऐकत असतात. दादांनी पाच दिवस भाकरी थापल्या तर काही बिघडत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. भाकरी वाकड्या झाल्या, खाल्ल्या गेल्या.

मघाच्या आमच्या ताईंचे सांगायचे राहिले. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी काटा दाराच्या कडीला अडकवला, रिकामी झोळी लावून शून्यावर आणला आणि दुकानातली किलोभर साखरेची पुडी झोळीत ठेवली. मग दोन पुड्या. मग साखर आणि डाळ मिळून अडीच किलो. रात्री नातू झोपल्यावर त्याच्या पोटाकडे बघत घड्याळ लावून बसल्या. नातू तीन वर्षांचा. त्याचे तीसच्या आतच भरले. "आजी, तू काय मोजतेस?" म्हणून तो उठून बसला, तेव्हा त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.