चैत्यभूमीच्या पलीकडचा समुद्र

आपल्या वस्तीत कुणालाही विचारा, समुद्र पाहिला का? उत्तर ठरलेले असते, "पाहिला ना, दादरला, सहा डिसेंबरला." धरणगाव, एरंडोल, चोपडा, पारोळा या भागातील बौद्ध कुटुंबांची समुद्राशी ओळख झाली ती चैत्यभूमीच्या मागच्या वाळूत. रात्रभर रांगेत उभे राहून पाय दुखलेले, कडेवर झोपलेले पोर, हातात भाकरींचे गाठोडे आणि समोर तो करड्या पाण्याचा पसारा. पाच मिनिटे पाय बुडवायचे आणि शिवाजी पार्ककडे परत फिरायचे. तो समुद्र आम्हांला प्रिय आहेच. पण तेथून दक्षिणेला, रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, आपल्या इतिहासाची किती ठिकाणे खाऱ्या वाऱ्यात उभी आहेत हे आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात धरणगावच्या आम्ही पाच कुटुंबांनी हा किनारा पाहायचे ठरविले. त्यात एक एस.टी. वाहक, एक शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, एक जिनिंगमधला हमाल आणि आम्ही कारकून. 'एवढ्या पैशात घराला पत्रे येतील' असे सांगणारे शेजारी निघालेच. पण कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाल्यापासून दापोली खान्देशाला पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. जळगावहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तेथून पनवेल, पनवेलहून कोकण रेल्वेने खेड आणि खेडहून एस.टी.ने दापोली. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. आमच्यात बायका-मुली जास्त, म्हणून एस.टी.चा खर्च पुष्कळ आटोक्यात आला.

दापोली गाव समुद्रावर नाही, डोंगरावर आहे. इंग्रजांनी तेथे लष्कराची छावणी टाकली म्हणून जुनी माणसे अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. या छावणीमुळे तेथे आपल्या पेन्शनर सैनिकांची वस्ती झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहिले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर मुलाबाळांसह याच गावी आले, काही वर्षे राहिले आणि मग साताऱ्याला गेले. म्हणजे बाबासाहेबांच्या बालपणीची काही पावले या लाल मातीत पडलेली आहेत. आपल्या अंमळनेरला शिकविणारे साने गुरुजीही याच तालुक्यातील पालगडचे.

दापोलीहून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर. येथे एक सूचना करून ठेवतो. मुरूड नावाची गावे दोन आहेत. जंजिरा किल्ल्याचे मुरूड रायगड जिल्ह्यात आणि हर्णैशेजारचे मुरूड दापोली तालुक्यात, महर्षी धोंडो केशव कर्वे जेथे वाढले ते. तिकीट काढताना कोणते मुरूड ते स्पष्ट सांगा.

हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो तो प्रत्येकाने एकदा पाहावा. होड्या किनाऱ्याला थेट लागत नाहीत. बैलगाड्या पाण्यात शिरतात, माल भरून वर येतात आणि वाळूवर पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांचे ढीग लागतात. एवढे पाणी पाहून आमच्यातील एक वयस्कर मावशी आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "माय व, आपली तापी ते याना पुढे नाला शे!" आपल्या आठवडे बाजारात सुकट-बोंबील येतात ते अशाच कुठल्या तरी बंदरावर वाळतात, ही गोष्ट पोरांना पहिल्यांदा डोळ्यांनी कळली.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. १७५५ साली पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि कमोडोर जेम्सने तोफा डागून हा किल्ला घेतला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचे आरमार जळाले. घरच्या भांडणात परक्याला हाताशी धरले की काय होते हे या दगडांकडे पाहून कळते. वाटाड्या हे सारे सांगतो, पण तोफांची लांबी सांगण्यातच त्याचा वेळ फार जातो.

आमच्या मनात मात्र वेगळे ठिकाण होते. दापोलीजवळचे वणंद. गाडीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "तिकडे पाहण्यासारखे काही नाही हो, तुम्हांला कर्देच्या बीचवर नेतो." माता रमाईचा जन्म १८९८ साली वणंदला झाला. वडील भिकू धोत्रे. दाभोळ बंदरात उतरलेल्या मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात पोचविणे हा त्यांचा पोटाचा धंदा. आईवडील लहानपणीच गेले आणि नातेवाईकांनी ही मुले मुंबईला नेली. १९०६ साली भीमरावांशी लग्न लागले तेही भायखळ्याच्या मासळी बाजारात, बाजार उठल्यावर, उघड्या शेडमध्ये. वणंदला आता स्मारक आहे. तेथे बसून पोरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दाभोळ इथून किती लांब?"

म्हणून दुसऱ्या दिवशी दाभोळला गेलो. वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हे बंदर आहे. आज गल्लीबोळाचे शांत गाव वाटते, पण एके काळी बहामनी आणि आदिलशाही राज्याचा हा समुद्रावरचा दरवाजा होता. अरबस्तान-इराणकडून घोडे येथे उतरत. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी येथूनच परतीच्या जहाजात बसला. १५०८ सालच्या डिसेंबरात पोर्तुगीज सरदार आल्मेदाने हे शहर जाळले, माणसे कापली. खाडीच्या काठाला आदिलशाही काळातील सतराव्या शतकातली घुमटाची मशीद अजून उभी आहे. १९९० नंतरच्या दशकात वर्तमानपत्रांत रोज 'दाभोळ' वाचायला मिळे ते एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे, पण तो प्रकल्प दाभोळात नव्हेच, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे.

इतिहासाच्या पुस्तकात दाभोळचे घोडे आहेत, राजे आहेत, तोफा आहेत. टोपल्या वाहणारे भिकू धोत्रे मात्र नाहीत. धक्क्यावर एका मासेविक्या बाईची परवानगी घेऊन आमच्यातील अंगणवाडी ताईंनी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन पाहिली. वीसेक पावले चालल्या आणि मान धरून खाली बसल्या. धक्क्यावरून गावाबाहेर पडणारा रस्ता सगळा चढाचा आहे. या चढावर रोज पाटी नेणाऱ्या माणसाची मुलगी ती रमाई, एवढे कळल्यावर पोरांना दुसरे काही समजावून सांगावे लागले नाही.

या किनाऱ्याशी आपले नाते शंभर-सव्वाशे वर्षांचे नाही, दोन हजार वर्षांचे आहे. दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. आरंभीची लेणी हीनयान वळणाची, पुढे वज्रयानाच्या मूर्ती, त्यानंतर नाथपंथीयांच्या खुणा. एकाच नदीकाठी शतकामागून शतके धर्म कसे बदलले ते तेथे सलग पाहायला मिळते. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुडा येथे आणखी २६ लेणी आहेत. कुडाच्या शिलालेखांतील दात्यांची नावे वाचण्यासारखी आहेत. त्यात स्थानिक महाभोज घराणे आहे, तसा एक फुलांचे हार करणारा माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, भिक्षुणी आहेत. बंदरावर माल उतरायचा, बैलांच्या तांड्यांवर घाट चढायचा आणि त्या व्यापारावर जगणारी साधी माणसे भिक्षुसंघाला निवारा खोदून द्यायची. आपल्याकडचे पितळखोरे आणि अजिंठा हीसुद्धा अशाच व्यापारी वाटांच्या आधाराने उभी राहिली. खान्देश आणि कोकण तेव्हा आजच्यापेक्षा जवळ होते असे आम्हांला वाटते.

मुक्कामाचा एक अनुभव सांगणे भाग आहे. किनाऱ्यावरच्या एका निवासात फोनवर जागा पक्की केली होती. दारात पोचल्यावर मालकांनी वहीत नावे लिहून घेतली, दोन आडनावे वाचली आणि खोल्या चुकून दुसऱ्यांना दिल्या गेल्याचे सांगितले. अंगणात एकही गाडी नव्हती. आम्ही वाद घातला, पण सोबत लेकरे होती आणि अंधार पडत होता. शेवटी हर्णैच्या एका मुसलमान मच्छीमार कुटुंबाने आपल्या घरच्या दोन खोल्या दिल्या. त्या माउलीने तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे कालवण केले, आमच्या बायकांनी सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी तिला दिली. पुढे जाणाऱ्यांनी जागा ठरविताना आपले पूर्ण नाव आधीच सांगावे, लपवू नये आणि पावती मागावी. दारातून परत फिरवलेच तर हातात कागद हवा.

आता थोडे परदेशाकडे. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तेथे ऑनफ्लर हे जुने बंदर आहे. १६०८ साली शांप्लँ तेथून निघाला आणि त्याने कॅनडात क्वेबेक शहर वसविले. त्याच किनाऱ्यावर त्रुव्हिल ही मूळची मच्छीमारांची वस्ती आणि तिला लागून दोव्हिल हे १८६० नंतर श्रीमंतांसाठी मुद्दाम बांधलेले सहलीचे शहर. म्हणजे आपले दाभोळ आणि कर्दे यांचाच प्रकार. पॅरिसहून रेल्वे आली तरी मजुराला समुद्र दिसत नव्हता, कारण सुट्टी घेतली की पगार कापला जाई. १९३६ साली तेथे मोठे संप झाले, डाव्या पक्षांचे सरकार आले आणि कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी रजा देणारा कायदा झाला. रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळाली. त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

आपल्याकडे हे काम कुणी केले? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४५ साली तो कायदा झाला. बारमाही कारखान्यात वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची रजा, पगारासकट. आपल्यातील किती जण ही रजा नुसती 'जमा' करून ठेवतात किंवा लग्ना-मयतीत संपवतात! विश्रांती ही चैन आहे असे आपणच मानून बसलो आहोत. आमच्या सोबतच्या हमालभाऊंना मात्र हा हक्कही नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्यात वर्षाला २४० दिवस काम भरण्याची अट होती. २०२० च्या नव्या संहितेत ती १८० दिवसांवर आणली, पण कापसाच्या हंगामात चालणाऱ्या जिनिंगमध्ये तेवढेही दिवस भरत नाहीत. ते आठ दिवसांची मजुरी बुडवून आले होते. समुद्रात सर्वांत जास्त वेळ तेच उभे होते.

परतीला आम्ही मंडणगडमार्गे महाडला आलो. वाटेत आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. 'आंबडवेकर' हे मूळ आडनाव येथलेच. किनाऱ्यावर बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनी त्याला व्हिक्टोरिया नाव दिले होते. त्याच्या पायथ्याशी सावित्री नदी समुद्राला मिळते. हे नीट लक्षात घ्या, कारण महाड आपण नेहमी रस्त्याने पाहतो. पूर्वी महाडचा रस्ता पाण्याचा होता. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला बाबासाहेब दोनशेवर प्रतिनिधींसह २४ तारखेला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, २५ तारखेच्या दुपारी सावित्रीच्या खाडीतील दासगाव बंदराला उतरले आणि तेथून पाच मैल पायी महाडला गेले. त्याच दिवशी मनुस्मृती जाळली. सभेला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. २० मार्चचे चवदार तळे सर्वांना ठाऊक आहे, पण दासगावच्या त्या धक्क्यावर थांबणारा माणूस आम्हांला कुणी भेटला नाही. महाडच्या वेशीवर गांधारपाले लेणी महामार्गावरूनच डोंगरात दिसतात. तीही पाहून घ्यावीत.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात सुवर्णदुर्गाच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे लिलावही नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा काल याच वेळेला पाणी उथळ होते या भरवशावर पोरांना आत सोडू नका. कोळ्यांना विचारा, ते कधी चुकीचे सांगत नाहीत. आपली मुले विहिरीत पोहणारी आहेत, लाटेची ओढ त्यांना माहीत नाही. पन्हाळेकाजीला खानावळ आम्हांला दिसली नाही, भाकरी सोबत ठेवा. आणि दापोलीत वणंदला जायचे म्हणाल तेव्हा गाडीवाल्याला भाडे ठरविण्याआधीच सांगा, कर्देला आम्ही संध्याकाळी जाऊ, आधी वणंद.