वॅट नको, बिट बघा!

पहिलं सोल्डरिंग आयर्न घ्यायचंय, खिशात जेमतेम हजार रुपये आहेत, मोठं दुकान सव्वाशे किलोमीटरवर आणि संध्याकाळी घरात लाइन डिम! अशा वेळी नेमकं काय घ्यायचं?

आर्डुइनो आणून ठेवलाय. यूट्यूबवर पन्नास व्हिडिओ बघून झालेत. ब्रेडबोर्डवर एलईडी मस्त लुकलुकतोय. पण तोच प्रोजेक्ट बॅगेत घालून कॉलेजात न्यायचा म्हटलं, की एक तार इकडे निसटते, एक तिकडे. सरांसमोर डेमो द्यायच्या वेळी सगळं बंद! ब्रेडबोर्ड शिकायला ठीक, टिकायला नाही. टिकायचं असेल तर सोल्डरिंग आलंच.

मग तुम्ही सर्च करता आणि डोकं फिरतं. दीडशे रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंत आयर्न. कुणी म्हणतं 25 वॅट बास झालं, कुणी म्हणतं 60 च्या खाली घेऊच नको. सांगणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. त्यांचं काय, एक नाही पटलं तर उद्या तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन दुसरं आणतील. तुम्ही माहूरला राहता. नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एसटीचं जाणं-येणं आणि अख्खा दिवस. ऑनलाइन मागवलं तरी बिघडलं की परत पाठवायची कटकट आहेच. म्हणून आपल्याला घेतानाच नीट बघून घ्यायचंय.

वॅट म्हणजे तापमान नव्हे

पहिला गैरसमज इथेच होतो. 60 वॅटचं आयर्न म्हणजे 25 पेक्षा दुपटीने गरम, असं नसतं. वॅट म्हणजे उष्णता पुरवण्याचा वेग. तुम्ही बिट जोडावर टेकवली की तांब्याची पट्टी, तार, पीसीबी सगळे उष्णता ओढून घेतात. ती किती चटकन भरून निघते, ते वॅटवर ठरतं. बारीक रेझिस्टर असेल तर 25 वॅट पुरतात. पण जाड वायर किंवा पीसीबीवरचा मोठा ग्राउंडचा भाग आला की 25 वॅटचा दम लागतो.

आता सोल्डर वितळायला किती तापमान लागतं? 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं असलेलं सोल्डर बरोबर 183 अंश सेल्सिअसला वितळतं. बिनशिशाचं 217 अंशांच्या पुढे. बिट मात्र त्याहून बरीच गरम लागते, साधारण 320 ते 350 अंश, कारण जोडाला टेकल्यावर ती लगेच थोडी गार होते. 400 च्या वर गेलात तर फ्लक्स जळतो आणि पीसीबीवरची तांब्याची टिकली उचकटून हातात येते.

डिम लाइनचं गणित

हे गणित पुण्याचे व्हिडिओ सांगत नाहीत. साध्या आयर्नमध्ये फक्त तापणारी तार असते. तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. 230 व्होल्टला 25 वॅट देणारं आयर्न 180 व्होल्टला किती देतं? 180 भागिले 230, त्याचा वर्ग, गुणिले 25. करून बघा. उत्तर येतं जेमतेम 15 वॅट!

रब्बीत शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की बल्ब कसा पिवळा पडतो, ते तुम्हाला माहीतच आहे. त्या वेळी तुमचं 25 वॅटचं आयर्न 15 चं झालेलं असतं. सोल्डर वितळतं, पण अर्धवट. जोड वरून झालेला दिसतो, आत पकडलेलाच नसतो. यालाच रिपेअरवाले ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. तुम्हाला वाटतं आपला हात वाईट आहे. हात नाही हो, लाइन वाईट आहे!

यावर तीन उपाय. एक, सोल्डरिंगला व्होल्टेज चांगलं असेल ती वेळ धरा. सकाळी मीटरने मोजून बघा, अंदाज येईल. दोन, तापमान नियंत्रण असलेलं 60 वॅटचं आयर्न घ्या. 180 व्होल्टला त्याचे 36 वॅट उरतात, तेवढे आपल्याला भरपूर होतात. तीन, यूएसबी-सी किंवा डीसी अ‍ॅडॅप्टरवर चालणारं आयर्न. बहुतेक अ‍ॅडॅप्टर 100 ते 240 व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात, त्यामुळे लाइन डिम झाली तरी बिटला फरक पडत नाही.

आजीला कल्हईवाला विचारा

कल्हईवाला तुम्ही कदाचित बघितला नसेल, आजीने नक्की बघितलाय. भांडं भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकायचा, भस्सकन पांढरा धूर निघायचा, मग कथील फिरवून कापसाने पुसलं की भांडं चांदीसारखं लख्ख. सोल्डरिंगचं सगळं शास्त्र यात आहे. धातू तापला पाहिजे, वरचा गंज निघून तो स्वच्छ झाला पाहिजे आणि मग कथील पसरलं पाहिजे. नवसागराचं काम आपल्याकडे फ्लक्स करतो.

आयर्नच्या बिटलाही अशीच कल्हई लागते. बिट चकचकीत असेल तर उष्णता जोडात उतरते. काळी पडली तर आत 400 अंश असोत, बाहेर सोल्डर थेंबासारखं गडगडत खाली पडतं. म्हणून आयर्न घेताना आधी बिट बघा.

बिट दोन प्रकारच्या. स्वस्त आयर्नला नुसत्या तांब्याची असते. तांबं कथलात हळूहळू विरघळतं, म्हणून ती झिजते, खड्डे पडतात. ती कानशीने घासून पुन्हा नीट करता येते. दुसरी, तांब्यावर लोखंडाचा पातळ थर दिलेली. ती कितीतरी जास्त टिकते. पण तिला कानस लावली की संपलीच, कारण थर गेला की आतलं तांबं भराभर खाल्लं जातं. ती फक्त ओल्या स्पंजवर किंवा पितळी तारेच्या चोथ्यात पुसायची आणि काम संपल्यावर टोकाला सोल्डर लावूनच बंद करायची.

आकारही महत्त्वाचा. नवशिके सुईसारखी टोकदार बिट मागतात, बारीक काम होईल म्हणून. पण सुईचं टोक जोडाला टेकतं किती? ठिपक्याएवढं. छिन्नीसारखी चपटी, दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची बिट घ्या. ती पीसीबी आणि तार दोघांना एकदम टेकते आणि दोन-तीन सेकंदांत जोड होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जादा बिट मिळते का? डायलवाल्या बऱ्याच आयर्नना ‘900एम’ प्रकारची बिट बसते. जपानच्या हाक्को कंपनीच्या जुन्या स्टेशनांमुळे हा आकार सगळीकडे पसरला. या बिट स्वस्तात आणि सहज मिळतात. ज्या आयर्नची बिट बाजारात सुटी मिळत नाही, ते दीडशेत मिळालं तरी महागच. बिट गेली की आयर्नही गेलं!

डायल आहे, पण कंट्रोल आहे का?

हँडलवर 200 ते 450 आकडे छापलेला डायल दिसला म्हणजे तापमान नियंत्रण आलं, असं नाही. काहींमध्ये पंख्याच्या रेग्युलेटरसारखी नुसती सोय असते: ताकद कमी-जास्त होते, बिट किती तापलीय ते त्याला कळत नाही. खऱ्या नियंत्रणात बिटजवळ सेन्सर असतो. तापमान गाठलं की दिवा लुकलुकतो किंवा आकडा स्थिर होतो, बिट जोडाला टेकवली की आयर्न पुन्हा जोर लावतं. दुकानदाराला चालू करून दाखवायला सांगा. लाजायचं काय त्यात, पैसे आपले आहेत.

आयर्न चांगलं, वायर बोगस

निम्म्या पोरांचं सोल्डरिंग आयर्नमुळे नाही, सोल्डर वायरमुळे बिघडतं. कथील महाग, शिसं स्वस्त. त्यामुळे 60/40 लिहिलेल्या हलक्या रिळात कथील कमी असू शकतं. 40 टक्केच कथील असेल तर सोल्डर पूर्ण वितळायला 235 अंशांच्या पुढे जावं लागतं आणि ते पिठल्यासारखं घट्ट राहतं. जोड मळकट, दाणेदार दिसतो. म्हणून रीळ नावाजलेल्या कंपनीचं, 60/40 किंवा 63/37, आत राळेचा फ्लक्स असलेलं आणि 22 गेजचं, म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर जाडीचं घ्या. 18 गेज जाड असतं, ते मोठ्या वायरींना.

फ्लक्स वेगळा घेणार असाल तर राळेचाच घ्या. पत्र्याच्या आणि नळाच्या कामाचा अ‍ॅसिडवाला फ्लक्स किंवा नवसागर पीसीबीला लावू नका. भांडं धुऊन टाकता येतं, सर्किटवर राहिलेलं अ‍ॅसिड मात्र महिन्याभरात तांबं खातं.

दुकानात उभ्या उभ्या

जाताना मल्टिमीटर बॅगेत टाका. साध्या, बिनडायलच्या आयर्नच्या प्लगमधल्या दोन मुख्य पिनांना ओहमवर मोजा. 25 वॅटला साधारण 2100 ओहम यायला हवेत, 35 ला 1500, 60 ला 880. हेही तेच गणित, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. आकडा फारच वेगळा आला तर लेबल खोटं बोलतंय. डायलवाल्याला मात्र हे माप लागू नाही, आत सर्किट असतं.

मग एक पिन आणि बिट यांच्यामध्ये मोजा. मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही दाखवलं तर करंट बाहेर येतोय, आयर्न खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. तीन पिनांचंच घ्या. अर्थची पिन आणि बिट यांच्यात जवळपास शून्य ओहम यायला हवेत. घरी आल्यावर वायरमनला विचारा, बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे खरंच अर्थिंग आहे का. बऱ्याच घरांत भोक असतं, वायर नसते. अर्थिंग नसेल तर तुम्हालाही झटका बसू शकतो आणि नाजूक आयसीही जाऊ शकते.

खिशानुसार

पाचशेच्या आत बसवायचं असेल तर सोल्ड्रॉनसारख्या जुन्या भारतीय ब्रँडचं साधं 25 वॅटचं आयर्न, एक जादा बिट आणि छोटं रीळ. स्टँड घरी करा: लाकडी फळीवर जाड तारेची स्प्रिंग ठोकली की झालं. लाइन चांगली असेल तेव्हा काम करायचं, एवढंच पथ्य.

हजाराच्या आसपास असतील तर तापमान नियंत्रणाचं 60 वॅटचं, 900एम बिटवालं आयर्न, चपटी बिट, 22 गेजचं रीळ आणि चूक काढायला सोल्डर ओढणारा पंप. माहूर-किनवटच्या बहुतेकांना हेच घ्या म्हणून सांगेन.

दोन हजारांच्या पुढे जाणार असाल तर छोटं स्टेशन किंवा यूएसबी-सीचं आयर्न. 2020 मध्ये आलेलं पाइनसिल त्यातलं प्रसिद्ध, पण बाहेरून मागवताना ड्युटी धरून हिशोब करा. त्याला 65 वॅटचा पीडी चार्जर लागतो. फोनचा ‘सुपरफास्ट’ चार्जर बऱ्याचदा फक्त त्याच कंपनीच्या फोनला जोर देतो, आयर्नला नाही. आणि 5 व्होल्टवर चालणारं 8 वॅटचं यूएसबी आयर्न खेळण्यापुरतं. बंदुकीसारखी सोल्डरिंग गनही पीसीबीसाठी नको.

एकट्याला परवडत नसेल तर चौघांनी मिळून एक चांगलं घ्या. होस्टेलवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवा.

मग करायचं काय?

पुणे जिल्ह्यातलं पाबळ काही शहर नाही. तिथल्या विज्ञान आश्रमात 2002 मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली आणि शाळा अर्धवट सोडलेली पोरं तिथे हाताने वस्तू बनवायला शिकतात. आयआयटी मुंबईच्या सौरदिव्यांच्या प्रकल्पात दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला गावातल्याच लोकांना शिकवलं. म्हणजे हे काम शहरातच होतं, असं काही नाही.

तुमच्या घरीच बघा. बंद पडलेली चार्जिंगची बॅटरी, तुटलेला इअरफोन, नवरात्रात लावलेली माळ. यातल्या कितीतरी वस्तू एका सुटलेल्या जोडापायी कचऱ्यात जातात. आधी भंगारातल्या पीसीबीवर पन्नास जोड काढा आणि पुन्हा मारा. बिट तार आणि पीसीबी दोघांना टेकवा, दोन सेकंद थांबा, मग सोल्डर बिटला नाही, जोडाला लावा. जोड चकचकीत आणि उतरत्या टेकडीसारखा दिसला की समजा, जमलं. एकावन्नावा जोड प्रोजेक्टवर मारा.

जपून!

• शिसं धुरातून फारसं जात नाही, हातावाटे तोंडात जातं. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मधेच चिवडा खाऊ नका. लहान भावंडांना रिळापासून लांब ठेवा.

• धूर राळेचा असतो, त्याने दम्याचा त्रास होऊ शकतो. खिडकी उघडी ठेवा, धुरावर वाकू नका.

• प्लगला लावलेल्या वस्तूवर कधीच सोल्डरिंग नको. एलईडी बल्ब आणि चार्जरमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला असतो.

• लिथियमच्या सेलवर थेट सोल्डर मारू नका. सेल तापून पेट घेऊ शकतो.