कामाच्या मेजाभोवती

मनोरुग्णालयातील व्यवसायोपचाराच्या दालनात प्रथमच शिरणाऱ्या माणसाची दृष्टी साहजिकच मागावरच्या पट्टीकडे, अर्धवट विणलेल्या टोपलीकडे किंवा वाळत घातलेल्या कागदी पाकिटांकडे वळते, आणि रुग्णांचे हात गुंतवून मन रमविण्याची ही एक भली तजवीज असावी, असा ग्रह करून घेऊन तो बाहेर पडतो. हा ग्रह अगदीच खोटा नव्हे. परंतु मेजाभोवती बसणाऱ्यांना विचारावे, तर पाकिटांपेक्षा शेजारी बसलेल्या माणसांनाच ते अधिक मोल देतात असे आढळते.

या शास्त्राच्या जन्मकथेत रुग्णाचे स्थान वास्तविक अग्रभागी आहे. १९१७च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी ज्या घरात अमेरिकन व्यवसायोपचारकांची पहिली संस्था स्थापन झाली, त्या घराचा धनी जॉर्ज बार्टन हा पेशाने वास्तुशिल्पी आणि प्रारब्धाने रुग्ण होता. क्षय आणि पक्षाघात यांनी जर्जर झालेल्या या गृहस्थाने बागकाम आणि सुतारकाम करीत आपले शरीर पुन्हा कह्यात आणले होते. तथापि कामाच्या गटात आपणास काय उपकारक वाटले, हे रुग्णालाच पद्धतशीर विचारण्याची बुद्धी शास्त्राला पुष्कळ उशिरा झाली. मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९७० साली समूहोपचारावरील ग्रंथात मांडलेली उपकारक घटकांची यादी व्यवसायोपचारकांनी पुढे आपल्या गटांना लावून पाहिली, आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्ण व उपचारक या दोघांनीही गटातील आपलेपणा, आशा आणि इतरांशी वागण्याचे शिक्षण यांना अग्रमान दिला.

आता हे सारे कामावाचून, नुसत्या संभाषणानेही साधणार नाही काय? थोडे साधेल, पण ज्याला समोरच्याच्या डोळ्याला डोळा देणेही जड जाते, त्याला वर्तुळात बसवून मनातले बोल म्हणणे ही एक परीक्षाच होय. कामाच्या मेजावर मौनाला मुभा असते. कात्री एकच असली की ती मागावी लागते, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, मग परत द्यावी लागते, आणि कित्येक दिवस कोणाशी अवाक्षर न बोललेला माणूस "जरा कात्री द्या हो" एवढे तरी बोलून जातो, कारण त्या बोलण्याला निमित्त असते.

याहून खोल जाणारी गोष्ट परोपकाराची. इस्पितळातला रुग्ण अष्टौप्रहर घेणारा असतो: औषध घ्यावे, जेवण घ्यावे, हुकूम घ्यावा, हजेरीला ओ द्यावी. आपल्यापाशी दुसऱ्याला देण्याजोगे काही उरले नाही, ही भावना आजाराइतकीच त्याला पोखरीत असते. अशा माणसाला नवागत शेजाऱ्याने टाका कसा घालायचा ते विचारले, की त्या क्षणापुरता तो जाणकार ठरतो. आशेचेही तसेच, घरी जाण्याच्या बेतात असलेला रुग्ण कालच दाखल झालेल्याच्या शेजारी बसला, तर पुष्कळ उपदेशांचे काम परस्पर होऊन जाते. म्हणूनच निव्वळ बंदोबस्ताच्या सोयीसाठी बऱ्यांची व आजाऱ्यांची सरसकट वेगळी रांग लावणारा कारभार मला अदूरदर्शी वाटतो. तीच गत तपासणीचे साहेब येणार म्हणून रुग्णाची वाकडी शिवण स्वतः उसवून सरळ करणाऱ्या उपचारकाची. वस्तू देखणी होते, कर्तृत्व मात्र रुग्णाचे राहत नाही.

घरी परतल्यावर हाच घोटाळा मायेपोटी होतो. घरची मंडळी त्याच्या हातून विळी, बाजाराची पिशवी, हिशेबाची वही सारे काढून घेतात, "तू आता स्वस्थ पड" म्हणून बजावतात, आणि दाखल्यावर बरा ठरलेला माणूस कित्येकदा दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहू लागतो. तेव्हा रवानगीच्या वेळी औषधांच्या चिठ्ठीबरोबरच घरातले कोणते काम त्याच्या वाट्याला यायचे, याचीही बोलणी नातलगांशी पक्की करून घ्यावीत.